साडेतीन फुटांवरची रेघ

३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही तिघंही सुखरूप आहात हे आमच्या सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं आणि चार दिवसांनी अन्न गोड लागलं. फोन सुरू व्हायला अजून महिना जाईल म्हणतात. तोवर ही गाडी आपलं टपाल नेईल. माझ्या पत्रातल्या चुकांखाली लाल रेघा मारून ते परत पाठवू नकोस. मी आता चाळिशीला आलोय.

सोबत छापील पत्रकांचा गठ्ठा आहे. पाणी ओसरताच घरं धुवावीत, भिंतींना चुना मारावा, म्हणजे रोगराई पसरणार नाही, असा मजकूर आहे. तो मीच लिहिलाय. मदत कार्यालयात बदली झाल्यापासून माझ्या हातून झालेलं हे पहिलं उपयोगाचं काम. दाजी रंगारी, म्हणजे चुन्याला तोटा नाही. त्यांना म्हणावं, गल्लीत सुरुवात तुमच्याच घरापासून करा. सरकारी कागद म्हटला की लोक तोंड फिरवतात, पण तुमच्याकडे बघून करतील. तुझ्या सासूबाई मला चार शब्द सुनावतील, ते माझ्यापर्यंत पोचवलेस तरी चालेल.

मोठ्यांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे, कार्यालयावर नसला तरी माझ्यावर.

तुझा,
धाकटा

---

८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. वाटायला निघाले तर निम्म्या लोकांनी कागद माझ्यासमोरच ओल्या चुलीपुढे ठेवला. त्यांना तरी काय बोलणार? आठ वर्षांमागच्या पुरात नावं लिहून नेली, ती अजून लिहून संपलेली नसावीत. आणि यंदा पहिल्या गाडीतून आलं काय, तर दोनशे बादल्या. आई म्हणाल्या, नदी उपसून टाका असं सरकारचं म्हणणं दिसतंय.

आपली गल्ली कशी उतरती आहे ते तुला माहीत आहे. वरच्या टोकाला शिंप्याकडे गुडघाभर पाणी, आमच्याकडे कमरेपर्यंत, आणि खाली इस्त्रीवाल्या काकूंकडे माळ्याला लागलेलं. सगळ्यांच्या भिंतींवर तपकिरी रेघ उमटली होती. मी पदर खोचला आणि सांगितलं की हा कागद माझ्या भावाने लिहिलाय, त्याची हमी माझी. तेव्हा कुठे सहा घरं तयार झाली. आमचं धरून सात. यांनी चार दिवसांत सातही घरं घासून धुतली, भेगा बुजवल्या आणि दोन-दोन हात चुना मारला. हात सोलून निघालेत, पण माणूस खूश आहे. मागची खोली सगळ्यात कोरडी आणि लख्ख दिसते म्हणून ती आईंना दिली.

आईंचे चार शब्द हवे होते ना, घे. त्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या, हे तू विसरतोस. त्या म्हणतात, साहेब येईपर्यंत चिखलाला हात लावायचा नसतो, साहेबाला दिसलं नाही ते घडलंच नाही. यांनी हसून त्यांच्या खोलीत तिसरा हात मारला.

जेवत जा वेळेवर. माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

---

१४ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार वि. वि.

कसं लिहू कळत नाही. तुझ्या सासूबाईंचं खरं ठरलं.

आज दुसऱ्या खात्याचा आदेश टेबलावर आला. ज्यांची घरं राहण्याजोगी उरली नाहीत त्यांना टेकडीवरच्या नव्या कोरड्या खोल्या मिळणार. त्यासाठी घरोघर पाहणी होईल आणि भिंतीवरची पाण्याची खूण मापून यादी ठरेल. खूण नाही तर नुकसान नाही. माझं पत्रक आरोग्य खात्याचं, ही पाहणी बांधकाम खात्याची. दोन्ही खाती एकाच जिन्यावर आहेत, पण एकमेकांना विचारायची पद्धत नाही. मी साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले की पत्रकात चुना मारावा असं होतं, मारलाच पाहिजे असं नव्हतं.

पुराचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर काढून ठेवा. आणि घर सोडून कुठे जाऊ नका. बंद घराचं नाव यादीतून परस्पर कमी होतं. मी फेरपाहणीसाठी अर्ज तयार करतोय.

माझ्यावरचा लोभ या पत्रानंतर किती उरेल याची धास्ती वाटते.

तुझा,
धाकटा

---

१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

पाहणी झाली. दोन माणसं आली. आमच्या दारात उभं राहून त्यातला एक म्हणाला, वा, काय स्वच्छता ठेवली आहे. आणि 'नुकसान नाही' असं लिहून गेला. साती घरांचं तेच. ज्यांनी तुझा कागद चुलीत घातला, त्यांच्या भिंतींवर चिखल होता. ती सगळी यादीत आहेत.

फोटो कुणाकडेच नाहीत, फोन पाण्यात गेले. इस्त्रीवाल्या काकू माझ्याशी बोलत नाहीत. शिंपी बोलतो, पण ते त्याहून वाईट. काल विचारत होता की तुमच्या भावाला बढती मिळाली का.

मला काळजी भिंतींची आहे. आतून माती अजून ओली आहे. चुना वरून वाळतो आणि पापुद्र्यासारखा फुगतो. आईंच्या खोलीची मागची भिंत हात लावला की गार लागते. हवा पुन्हा कुंद झाली आहे. पाऊस लागायच्या आत कोरड्या खोलीत गेलो तर ठीक, नाहीतर कसं होणार याचा विचार करवत नाही.

हे दोन दिवस पायरीवर बसून होते, जेवले नाहीत. आज सकाळी उठले आणि माती, गेरू, काजळी कालवायला बसले. कशासाठी ते मी विचारलं नाही. फेरपाहणीची तारीख तेवढी कळव.

राग आहे, पण भाऊ तो भाऊच.

तुझी,
ताई

---

२६ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार वि. वि.

फेरपाहणीचा अहवाल आज माझ्याच टेबलावर आला. दाजींनी काय केलं ते तुला माहीत आहेच, पण कसं पकडलं गेलं ते कदाचित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

रंग हुबेहूब जमला होता. पाहणीवाल्यांना आधी खरंच वाटलं. मग त्यांनी टेप लावली. साती घरांत पाण्याची रेघ जमिनीपासून बरोब्बर साडेतीन फुटांवर. शिंप्याकडेही साडेतीन, काकूंकडेही साडेतीन. उतरत्या गल्लीत पाणी असं कसं उभं राहील? ताई, दाजींनी तीस वर्षं लोकांच्या खोल्यांना खालचा गडद पट्टा मारला, तो फरशीपासून साडेतीन फूट मोजूनच. हाताला सवय ती लागली. तुमच्या घरची रेघ खरी तिथेच होती, तेवढं एक माप बरोबर आलं.

साती घरांच्या पानांवर 'बनावट' असा शिक्का बसला आहे. दाजींना चौकशीला बोलावतील. पूर खरा, घरं खरी, आणि कागदावर सगळं खोटं.

मी लेखी जबाब दिला आहे. पत्रक मी लिहिलं, माझ्या सांगण्यावरून चुना लागला, पाणी साती घरांत होतं. साहेबांनी जबाब मागे घ्यायला सांगितलं, मी घेतला नाही. निकाल लागायला पंधरा दिवस जातील. तेवढे दिवस त्या घरात थांबू नका. यादी राहू दे बाजूला. सासूबाईंना घेऊन माझ्याकडे या. दोन खोल्या आहेत, चौघं मावू. परतीच्या गाडीत ड्रायव्हर तिघांना जागा देईल, मी बोललोय त्याच्याशी.

नाही म्हणू नकोस. एवढा हक्क राहू दे मला.

तुझा,
धाकटा

---

३० ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

गाडी आली तशी रिकामी परत पाठवली.

कालपासून पाऊस आहे. तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं की याचा नेमका कुठला कागद खरा धरायचा. आधी लिहिलं चुना मारा, मारला. मग लिहिलं घर सोडू नका, नाव कमी होईल. आता लिहितो घर सोडा. खरं सांगू धाकट्या, तोच प्रश्न माझ्याही मनात होता. आम्ही निघालो आणि दुसऱ्या दिवशी घर बंद म्हणून आमचं नाव कायमचं गेलं, तर? तू मनाने लिहितोस ते मला कळतं. पण लिहितोस त्याच टेबलावर बसून.

यांचंही तेच म्हणणं. सहा घरं आपल्यामुळे अडकली, ती सोडून आपण कोरड्यात जायचं नाही. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला बल्ल्यांचे टेकू देत हिंडतात. साडेतीन फुटांचं मी त्यांना सांगितलं. यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, खरं होतं तेच तर काढलं होतं.

आई मात्र खुशीत आहेत. टेकडीवरच्या खोल्यांना म्हणे खिडकीच नाही, त्या बांधणाऱ्याला आत कोंडून बघायला हवं, म्हणतात.

पंधरा दिवस काढू. नोकरी सांभाळ. जबाब दिलास ते चांगलं केलंस, आपल्या वडिलांनाही ते आवडलं असतं.

माया कमी झालेली नाही, फक्त दमली आहे.

तुझी,
ताई

---

२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,

नमस्कार.

घाईत लिहितो. नदीकाठच्या मातीच्या भिंती कोसळायला लागल्या आहेत, कालपासून तीन ठिकाणचे निरोप आले. हा कार्यालयाचा कागद नाही. शाळेच्या वहीचं पान फाडून लिहितोय, शिक्का नाही, क्रमांक नाही. नावं गेली तर जाऊ देत. मी हात जोडतो, सासूबाईंना निदान त्या मागच्या खोलीतून पुढे आणा. गाडी उद्या दुपारी पोचेल. ड्रायव्हर तुम्हाला घेतल्याशिवाय हलणार नाही असं मला वचन देऊन निघालाय.

तुझा,
धाकटा

---

६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

तुझं वहीचं पान तीन तारखेला दुपारी तीनला मिळालं. भिंत दोनला पडली होती.

आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ही एकच खोली कोरडी आहे, इथे घातल्या तर वास लागणार नाही, म्हणाल्या. हे वर शिंप्याकडे टेकू लावत होते. मी पुढच्या खोलीत होते. आवाज फार मोठा झाला नाही. अख्खी भिंत आतल्या बाजूला आली. सगळी गल्ली धावली, यादीतले आणि यादीबाहेरचे. काकू माझ्याआधी मातीत हात घालत होत्या. तुझा ड्रायव्हर आला तेव्हा आम्ही त्यांना पायरीवर ठेवलं होतं. त्याच गाडीतून नेलं त्यांना. हे पुढे बसले, मी मागे.

काल पाहणीवाले आले. या वेळी पाच जण होते, आणि सगळे चपला बाहेर काढून आत आले. फोटो काढले, मापं घेतली, यांना खुर्ची दिली. आमचं नाव यादीत आलं आहे, पहिल्या क्रमांकावर. चौकशी रद्द. बाकीच्या सहा घरांनाही खोल्या मिळणार, तुझा जबाब फाइलला जोडलेला मी पाहिला. त्यांचे साहेब हळू आवाजात म्हणाले की आता कुणी शंका घेणार नाही. फॉर्मवर घरात माणसं किती या रकान्यात यांनी तीन लिहिलं. साहेबांनी पेन घेऊन त्याचे दोन केले. एवढी एकच नोंद त्यांनी भिंतीकडे न बघता बरोबर केली.

तिसरा हात मारला नसता तर भेग दिसली असती, एवढंच हे एकदा म्हणाले. रंगाचं सामान त्यांनी शिंप्याला देऊन टाकलं.

तुझा काही दोष नाही असं लिहायला बसले होते. पण ते खरं नाही, आणि आपण एकमेकांना खोटं कधी लिहिलं नाही. चुना तू मारायला लावलास. पण गाडी मी परत पाठवली. आई नुसतं विचारत होत्या. मी उठून त्यांची पिशवी भरली असती तर कुरकुरत का होईना, आल्या असत्या. तुझा पहिला कागद चुकला म्हणून तुझं खरं बोलणं मी सरकारी धरलं. माझ्या स्वतःच्या भावाचं.

यादीच्या कागदावर सही करायची आहे. हे करत नाहीत, माझा हात उठत नाही. सोमवारपर्यंत मुदत आहे. तू ये. आधी पत्र पाठवू नकोस, मी उघडणार नाही. दार वाजव, मी आहे.

तुझी,
ताई