होडीत मी हो म्हटले होते

मी, तोरा मार्गारेता स्टेनवाल, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार स्वार्तनेस, तळ्याकाठचे पूर्वेकडचे घर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणायला इथे माणूसच नाही. हिवाळ्यात स्वार्तनेसमध्ये दोनच धुराड्यांतून धूर निघतो, एक माझे आणि दुसरे माझी धाकटी बहीण एड्ला हिचे.

मला नवरा नाही, मूल नाही. मी काहीच लिहून ठेवले नाही, तर कायद्याने सगळे एड्लाला जाईल. आजवर सगळे तिलाच मिळत आले, म्हणून हा कागद.

कलम १. वडिलांच्या कुऱ्हाडी, दोन करवती आणि मासे खारवण्याची पिंपे गावच्या शिकारी मंडळाला द्यावीत. मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत त्यांनी माझा वाटा कधी चुकवला नाही. हाडेच जास्त दिली, पण दिली.

कलम २. दलदलीत केशरी फळे पिकतात ती जागा माझ्या मालकीची नाही. रान सगळ्यांचे असते. पण ती ठाऊक फक्त मला आहे. आईने मला सांगितली, एड्लाला नाही. एड्ला चाळीस वर्षे माझ्या मागावर आहे, एकदा तर हेल्मेरची दुर्बीण घेऊन आली होती. ही जागा मी कुणालाही देत नाही.

कलम ३. आता हेल्मेरबद्दल. तो एड्लाचा नवरा, गेल्या नोव्हेंबरात वारला. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? मला एड्लाचा हेवा वाटतो. तिच्या अंगणात फेब्रुवारीतले ऊन माझ्याआधी पडते, त्याचासुद्धा वाटतो. पण मूळ दुखणे हेल्मेरचे.

तो दक्षिणेकडचा. १९६२ च्या उन्हाळ्यात रस्त्याच्या मोजणीला आला आणि आमच्या घरी उतरला. एकदा आम्ही तिघे जाळी काढायला तळ्यात गेलो. वल्ही त्याच्या हातात, मी त्याच्यासमोर, एड्ला पुढच्या टोकाला पाठमोरी. तो हळूच म्हणाला, "मी इथेच राहिलो, तर लग्न करशील माझ्याशी?"

मी हो म्हटले. आम्ही वरचे, उत्तरेकडचे लोक हो म्हणतो तसे म्हटले, म्हणजे ओठ आवळून श्वास झटकन आत ओढला. इथले तान्हे पोरही त्याचा अर्थ जाणते. हेल्मेर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग "बरं" म्हणून त्याने वल्ही उचलली. मला वाटले, ठरले. मी मागावर चादरी विणायला घेतल्या.

सप्टेंबरात त्याने एड्लाला विचारले. तिने रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईसारखे खणखणीत "हो" म्हटले. मला वाटले, त्याचे मन फिरले. माणसाला असे का केलेस म्हणून विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. चादरी मी आहेरात दिल्या.

खरे कळले ते त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. भरल्या स्वयंपाकघरात तो हसत सांगत होता, "तुमच्या त्या श्वासाला हो म्हणतात, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. आधी वाटायचं, अख्ख्या गावाला दमा आहे." सगळे हसले. मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्याचे हसणे थांबले. त्यानंतर तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, मीही नाही. पण बर्फ पडला की आधी माझ्या दारातला काढायचा, मग स्वतःच्या.

कलम ४. एड्ला होडीत होती. दक्षिणेकडच्या माणसाला तो श्वास कळला नाही, हे मी समजू शकते. एड्ला मात्र इथलीच. या मार्चमध्ये मी तिला माझ्या टेबलाशी बसवून विचारले.

"तू ऐकलं होतंस."

ती आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचा तुकडा बुडवत म्हणाली, "पाणी वाजत होतं गं."

"त्या दिवशी वारा नव्हता."

तिने तो तुकडा खाल्ला, दुसरा बुडवला. "ऐकलं होतं. त्याला कळलं नाही, हेही कळलं होतं. म्हटलं, तू परत सांगशील. नाही सांगितलंस. मग मला हवा होता, मी घेतला."

"आणि पुढची साठ वर्षं?"

"साठ वर्षं मी तुझ्या दाराकडे बघत काढली, त्याला आज सांगतेस की उद्या म्हणून. तुझा पंप दुरुस्त करायला तो तीन-तीन तास बसायचा. कुठला पंप तीन तास खातो गं, तोरा?"

पंपाला अर्धा तास लागायचा. हे मी तिला सांगितले नाही. तिच्याही पोटात इतकी वर्षे दुखत होते हे ऐकून मला फार बरे वाटले, याची इथे नोंद असावी.

कलम ५. मला दफनभूमीत आईवडिलांशेजारी, भिंतीकडेला पुरावे. हेल्मेरच्या दगडावर एड्लाचे नाव आत्ताच कोरून ठेवले आहे, फक्त तारीख रिकामी आहे. दर रविवारी ते बघून मी घरी येते आणि जेवण जात नाही.

कलम ६. डॉक्टर म्हणतात, माझे हृदय हा उन्हाळा काढेल, पुढचे सांगता येत नाही. म्हणून माझे घर, चार हिवाळे पुरतील इतकी वाळलेली बर्चची लाकडे, गोठवणपेटीतले मासे-मांस, बर्फावरची ढकलगाडी आणि घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे, हे सगळे मी एड्लाला देते. कायद्यानेही तिलाच गेले असते. पण कायदा अटी घालत नाही, मी घालते. तिने पहिल्या थंडीच्या आत माझ्या घरी राहायला यावे, कारण तिच्या घराला जिना आहे आणि माझ्या घराला नाही. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी. दर गुरुवारी येणाऱ्या नर्सबाईंनी डबी उघडून बघावी. एप्रिलनंतर तळ्याच्या बर्फावर पाऊल टाकू नये. दलदलीत जाऊ नये.

मला तिची दया आली, असे कुणी समजू नये. मी तिला माफ केलेले नाही. हेल्मेर साठ वर्षे तिचा होता. वर गेल्यावर मला तो निदान दहा वर्षे एकटीला हवा आहे. बोलायचे बरेच साठले आहे आणि मला घाई करायची नाही. तोवर एड्लाने ठणठणीत राहून खालीच थांबावे.

स्वार्तनेस, २३ मे २०२४
(सही) तोरा मार्गारेता स्टेनवाल

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी, पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही त्यांचे नातेवाईक नाही आणि या कागदाने आम्हाला काही मिळत नाही. कॉफी मिळाली.

साक्षीदार:
(सही) बिर्गिता न्योर्द, टपालगाडीची चालक
(सही) रोल्फ ओस्टमान, रस्त्यावरचा बर्फ काढणारा