ताईची धाप

सौ. ताईस,
तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. भावजींचा खोकला थांबला का?

आमच्या टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या कार्यक्रमाचा एकही भाग तू चुकवत नाहीस. परवाच्या भागातला अडीचशे किलोचा सुतार, ऑपरेशनआधी जिना चढणारा, त्याला बघून तू रडलीस. "किती धाप लागते रे बिचाऱ्याला," असं फोनवर म्हणालीस. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

त्याला तेवढी धाप लागलीच नव्हती, ताई. गडी थट्टामस्करी करत, थांबत थांबत चढला. दिग्दर्शक मला म्हणाले, "आवाजाचं तू बघतोस ना? मग धाप वाढव. लोकांचा जीव कळवळला पाहिजे." माझ्या फोनमध्ये तुझे निरोप होते, बाजारातून येऊन तिसऱ्या मजल्यावर चढता चढता बोललेले. त्यातली तुझी धाप उचलली आणि त्याला लावली. तू रडलीस ती स्वतःच्याच धापेला.

त्यासाठी वर्षभराचे निरोप ओळीने ऐकले. आधी तुला वर घराच्या दाराशी पोचल्यावर दम लागायचा, आता पहिल्याच मजल्यावर लागतो. हे कळायला मला कामाचं निमित्त लागावं, याची लाज वाटते. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा, भावजींना सोबत ने.

अजून एक कबूल करतो. नुसती धाप हवी होती, म्हणून मधले तुझे शब्द मी कापून टाकले. प्रत्येक निरोपात तेच होते, "घरी कधी येतोस रे?"

तुझा अपराधी,
धाकटा