वंशावळीतल्या बायका

जठारपेठ, अकोला
दिवाळीनंतरचा मंगळवार, २००६

चि. सौ. मथूस,

बापूदादाचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही तिकडे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे. पण तू बरी नाहीस हे वामनरावांनी फोनवर सांगितलं, तेव्हा ते वाक्य गाळतो. दोन घास खाल्ले की पोट भरतं, पोट फुगून राहतं, परकराची नाडी सैल करावी लागते (हे शेवटचं जावईबापूंनी इतक्या हळू सांगितलं की जसा काही परतवाड्याचा अख्खा बाजार फोनला कान लावून होता), आणि तू त्याला गॅस म्हणून ओवा चावत बसतेस. मी डॉक्टर नाही. पण महिनोन्‌महिने ओवा खाऊनही न गेलेला गॅस मी या वयापर्यंत ऐकला नव्हता. या मुद्द्यावर पुन्हा येतो. आधी माझ्यावर काय गुदरलं ते ऐक.

आपली तारा अमरावतीला कोणतं संशोधन करते असं कोणी विचारलं की मी "कॅन्सरवर" एवढं सांगून मोकळा होत असे. कोणत्या कॅन्सरवर, असं पुढं विचारलं की मी पीकपाण्याकडे वळत असे. अंडाशयाच्या. लिहिलं एकदाचं, आभाळ काही कोसळलं नाही. ती म्हणते, आपल्या पेशीत रोज काही ना काही तुटतं-फुटतं आणि त्याची डागडुजी करणारे जनुक असतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत जन्मतःच बिघडलेली आली तर माणूस दुसरीवर निभावतो. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की डागडुजी बंद, आणि तिथं गाठ धरू शकते. हा बिघाड नेमका कुठं होतो ते ती रेणूंपर्यंत जाऊन शोधते. त्यासाठी तिला अशी घरं पाहिजेत जिथं एकीपेक्षा जास्त बायका पोटाच्या आजारानं गेल्या. साऱ्या वऱ्हाडात पहिलं घर तिला आठवलं ते आपलं.

तिनं वंशावळ मागितली. उभा जन्म वाटणीचे दावे लढवण्यात गेलेल्या वकिलाला वंशावळ मागावी, यासारखा सन्मान नाही. मी सात पिढ्यांची काढून पुढ्यात ठेवली. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "बाबा, यात बायका कुठं आहेत?" मी म्हटलं, बायकांचं कोर्टात काम पडलं नाही. ती म्हणाली, मला फक्त त्यांचंच काम आहे. मग तिनं कोरा कागद घेतला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, आजारी असेल तर आतून काळं. आईचा गोल तिनं माझ्यासमोर काळा केला. मला ते आवडलं नाही.

आईच्या माहेरचं विचारायला आम्ही मूर्तिजापूरला मामेभाऊ महादेवरावांकडे गेलो. ओट्यावर शेजारचे देवमन बसले होते. सध्या पाहणीवाले इतके येऊन राहिले (दिल्लीचे, टीव्हीचे, सरकारी पॅकेजचे) की ताराच्या हातातले कागद पाहून त्यांनी थेट कपाशी कशी बुडाली हे सांगायला सुरुवात केली. महादेवराव म्हणाले, "ते नोहे देवमन, घरचे पाहुने आहेत." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्याचा अर्थ मला तेव्हाच लागायला पाहिजे होता.

आत गेल्यावर लाडू आले, चिवडा आला, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन त्यांची मुलगी आली. घरात दुपारची, अन् अंगावर जरीची साडी. तारानं प्रश्न सुरू केले. तुमच्या आईच्या बहिणी किती, आत्या किती, कोण कशानं गेलं, किती वयात. आता तूच सांग मथू, एक बिनलग्नाचा मुलगा असलेला बाप (केयूरला पुण्यात नोकरी लागली हे साऱ्यांना माहीत) मामाच्या घरी येतो, सोबत शिकलेली लेक आणतो, आणि आजारांची चौकशी करतो, तर लोक काय समजतील? महादेवराव तेच समजले. आमच्या घरी कोणाचं डोकंसुद्धा दुखत नाही, म्हणाले. बायका साऱ्या म्हातारपणानं गेल्या. तारानं विचारलं, मोठी आत्या किती वर्षांची होती? "बेचाळीस." धाकटी? "ते लहानच होती, पायरीवरून पडली." मी मध्येच म्हटलं, माझी आई तुमची मधली आत्याच ना? ती कशानं गेली? माझ्या तोंडावर म्हणाले, "हार्ट."

तारानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, काका, आम्ही मुलगी पाहायला आलो नाही, केयूरचं पुण्यातच जमलं आहे. (हे मलाही तिथंच कळलं. घरातली बातमी बापाला मूर्तिजापुरात कळावी, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) मुलगी पोह्यांसकट आत गेली, लाडू उचलले गेले, आणि त्यानंतर आजार बाहेर यायला लागले. वहिनी स्वयंपाकघरातून पदर खोचून आल्या. "आता काहून लपवता? सांगा न." मोठ्या आत्याच्या पोटात पाणी झालं होतं. धाकटी पायरीवरून पडली नव्हती, ती मुंबईला ऑपरेशन होऊन गेली. दोघींच्या लेकींची लग्नं व्हायची होती म्हणून कोणी बोललं नाही. तारा भराभर गोल काळे करत होती. महादेवरावांच्या तोंडून मात्र एकच निघालं, "माह्या पोरीले सांगू नका." तारा म्हणाली, तिलाच तर सांगायचं आहे.

आता तुझ्यावर येतो. तारा गेल्या महिन्यात परतवाड्याला आली तर तू तिला पुरणपोळी वाढलीस, आई हार्टनं गेली असं सांगितलंस, आणि रक्त मागितल्यावर उपास आहे म्हणालीस. पुरणपोळी खाऊन कोणता उपास, मला माहीत नाही. तुझ्या श्रावणीला अचलपूरचं स्थळ आलं आहे, म्हणून तू हे करून राहिलीस, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालो नाही. पण मथू, आईचं पोट कसं होतं ते तू विसरलीस का? तू शाळेत होतीस, मी अमरावतीला शिकत होतो. सुट्टीत आलो तेव्हा तीही म्हणाली होती, गॅस आहे. तिच्याही उशाशी ओव्याची पुडी होती. तेव्हा विचारायला कोणी नव्हतं, सोनोग्राफी नव्हती, तारा नव्हती. मला भीती वाटते. वकिलानं असं लेखी देऊ नये, पण देतो.

बाकी ठीक. वामनरावांना नमस्कार, श्रावणीला आशीर्वाद. घाई काही नाही, सवडीनं कळव.

तुझा
बापूदादा

ता. क. घाई नाही हे वर उगाच लिहिलं. येत्या सोमवारी सकाळच्या बसनं अमरावतीला ये. रक्ताचं नंतर पाहू, आधी सोनोग्राफी, असं तारा म्हणते. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे.

ता. क. २. मी माझंही रक्त दिलं होतं, नमुने कमी पडत होते म्हणून. बायकांचा आजार, मला काय त्याचं, असं समजून बाही वर केली. माझ्यात तो बिघाड निघाला. आईकडून आला, म्हणजे तुझ्यात असायची शक्यता निम्मी. मुलीला बरोबरीचा हिस्सा द्यायला कायद्याला किती वर्षं लागली. आईनं वाटणी केली तेव्हा मुलगा-मुलगी पाहिलं नाही.

ता. क. ३. आणि माझ्याकडून पुढं तारा. साऱ्या वऱ्हाडाला सुई टोचणाऱ्या या पोरीनं स्वतःचं रक्त अजून दिलेलं नाही. काहून, विचारलं तर म्हणते, आत्या आली की दोघी मिळून देऊ. तिला एकटीला होत नाही आहे, मथू. तू तिच्यासाठी ये.

ता. क. ४. त्या कागदावर माझ्या चौकोनात तारानं टिंब टाकलं, म्हणजे बिघाड आहे, आजार नाही. माझ्या शेजारी तुझा गोल आहे, रिकामा. मला तो रिकामाच पाहिजे. ओवा घरीच ठेवून ये.