दादा आणि बर्फाचं पातं

२१ सप्टें., रवि.
पातं आज एकदाचं गाडीला बसलं. काळं कुळकुळीत, पिकअपच्या तोंडाशी, गाडीपेक्षाही रुंद. आनेकल रोडच्या आमच्या शेडमध्ये बर्फ सारायचं यंत्र! शेजारचा टायरवाला येऊन कानडीत विचारून गेला, "ऐस एल्लिदे अक्का?" म्हटलं, इथं कुठला बर्फ, हिमाचलात. मारतहळ्ळीच्या एका साहेबांचं तिकडं डोंगरात लॉज आहे, गाडी तिकडं जाणार.
मी जन्मात बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये नाहीतर उसाच्या रसात. तरी डिझाइन माझं. तीन महिने डोकं खपवलं. दादा येईल त्याला सांगत होता, "आमच्या सुमीनं काढलंय." कंपनीची नोकरी सोडून दादाच्या शेडमध्ये आले त्याला दोन वर्षं झाली. आज पहिल्यांदा वाटलं, चुकलं नाही.

२६ सप्टें., शुक्र.
चाचणी. बर्फ नाही म्हणून वाळूचा ढीग ओतला. साहेब खास बघायला आले.
पात्याची खालची कड कशालाही अडली की पातं पुढं झुकतं, अडथळ्यावरून जातं, मग मागच्या दोन स्प्रिंगा त्याला परत उभं करतात. मुद्दामच तसं केलंय ते. बर्फाखाली दगड दिसत नाही. पण वाळू जड. दर दोन हातांवर पातं झुकायला लागलं. साहेब हसले, "ये तो नमस्ते करता जा रहा है!" दादाचे कान लाल.
ते गेल्यावर म्हणाला, "सुमे, स्वल्प घट्ट करू या का?" म्हटलं, अजिबात नाही. पातं झुकलं नाही तर सगळा दणका चासीला बसणार, स्टिअरिंग हातातून सुटणार, आणि तिथं एका बाजूला दरी आहे. "सरी सरी, बरं," म्हणाला. विषय संपला.

१ ऑक्टो., बुध.
आयुधपूजा. हत्यारं धुऊन पुसून मांडली, वेल्डिंग मशीनला झेंडूची माळ, गाडीच्या चाकांखाली लिंबं, कोहळा फोडला. चुरमुरे वाटले. आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दुपारीच घरी. दादा म्हणाला, तू हो पुढं, मी कुलूप लावून येतो.

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. सकाळच्या मुहूर्तावर गाडी ट्रेलरवर चढवून रवाना. पात्यावर ताडपत्री आधीच घट्ट बांधलेली. म्हटलं, एकदा बघते तरी. दादा म्हणाला, मुहूर्त टळेल.
वेल्डिंग मशीनवरची माळ जळलेली होती. दादा म्हणाला, उदबत्ती लागली असेल.

९ ऑक्टो., गुरु.
लॉजवरचा ड्रायव्हर दोर्जे, त्याचा फोन. गाडी पोचली. गोड माणूस, पोरीसारखी माझी चौकशी केली. हिवाळ्यात लॉजचाच नाही, खालच्या गावाचाही रस्ता हाच उघडणार. "दीदी, बिनधास्त चलाऊँ ना?" म्हटलं, बिनधास्त. दगड लागला तर पातं आपोआप झुकेल. मी स्वतः तपासलंय.

१६ नोव्हें., रवि.
तिकडं पहिला मोठा बर्फ. दोर्जेनं व्हिडिओ पाठवला. केवढा पांढरा ढीग बाजूला होतोय! आनंदानं ओरडलेच. पाच वेळा पाहिला. सहाव्या वेळी दिसलं. पातं कशाला तरी अडलं आणि अख्खी गाडी उसळली. पातं झुकलंच नाही.
दोर्जेला म्हटलं, मागून फोटो काढून पाठव. आला. पातं आणि चौकट यांच्यामध्ये वेल्ड. दोन्हीकडं. वर काळा रंग मारलेला. स्प्रिंगा नुसत्या शोभेला.
आणि तो वेल्ड कुणाचा, हे विचारायला नको. आमचा मुनिराज अण्णा वेल्डर, त्याची रेघ शाळेच्या वहीसारखी सरळ. ही गोगलगाय चालून गेल्यासारखी. दादाचा हात. कितीतरी वर्षांत त्यानं वेल्डिंग केलं नव्हतं.

१७ नोव्हें., सोम.
मुनिराज अण्णाला बाजूला घेतलं. मान खाली. "अक्का, मी सांगितलं, आज आयुधं शांत, मी हात लावणार नाही. ते म्हणाले, मग मीच लावतो." पूजेच्या दिवशी! मी घरी गेल्यावर. माळ मशीनवर तशीच ठेवून.
दादाला विचारलं. आधी काय वेल्ड, कुठला वेल्ड. फोटो दाखवला तेव्हा, "गिऱ्हाईक हसलं सुमे, तुला कळत नाही. मान डोलवणारं पातं कोण घेईल? त्यांना अजून चार गाड्या करायच्यात."
"मला सांगायचं तरी!"
"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"
म्हणजे माहीत होतं. चुकून नाही, घाईत नाही. मी नाही म्हटलेलं माहीत असून, मला घरी पाठवून. केसानं गळा कापला माझ्या भावानं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्याला काय म्हणू? दिवसभर समोरासमोरच्या टेबलांशी बसलो. डबा तसाच परत आणला.
शेवटी म्हणाला, "मी दोर्जेला फोन करून सांगतो, जपून चालव म्हणून. तू मध्ये पडू नको."

१८ नोव्हें., मंगळ.
मध्ये पडले. दोर्जेला फोन केला. दादाचा फोन आलाच नव्हता. उलट गाडी पोचली त्या दिवशीच दादानं त्याला सांगितलेलं, "बहिणीनं मुद्दाम मजबूत करून घेतलंय."
माझं नाव. ज्या एका गोष्टीला मी नाही म्हटलं, तीच माझ्या नावावर.
म्हटलं, दोर्जेभाई, ते चूक आहे, पातं काढून ठेवा, तोवर फावड्यानं करा. तो म्हणाला, "दीदी, तुम्हीच म्हणाला होतात, तपासलंय. आता म्हणता चालवू नको. मी कुठली गोष्ट खरी धरू?"
खरंच म्हणाले होते.

१९ नोव्हें., बुध.
साहेबांना फोन. सगळं सांगितलं, दादाचं नाव घेऊन. साहेबांचा आवाज एकदम समजूतदार. "तुमच्या भावानं काल सांगितलं मला. घरात काही वाद चाललाय म्हणे तुमचा. तुम्ही नोकरीकडं परत जायच्या विचारात आहात. बहीणभावाचं भांडण कामात आणू नका, मॅडम."
म्हणजे माझ्या आधी पोचला. दोर्जेला करायचा फोन केला नाही, हा मात्र बरोबर केला!
शेडमध्ये जाऊन सगळ्यांसमोर ओरडले. मुनिराज अण्णा बाहेर गेला. दादा म्हणाला, "शोभतं का तुला?" मी विचारलं, "तुला शोभलं?" त्यानं ग्राइंडर सुरू केला. माझं ऐकू येऊ नये म्हणून.
साहेबांना पुन्हा लिहिलं. चाचणीच्या दिवशी मी काढलेला व्हिडिओ, माझं ड्रॉइंग, वेल्डचा फोटो, सगळं. खाली माझं नाव, आणि अजून कुणाला विचारायचं तर मुनिराजचा नंबर, त्याच्या परवानगीनं. तो म्हणाला, "घाला अक्का. काम गेलं तर जाईल." परक्या माणसाला एवढं कळतं.

२० नोव्हें., गुरु.
सकाळी सहाला दोर्जेचा मेसेज. रात्रभर बर्फ. खालच्या गावातल्या एका बाईचे दिवस भरलेत, तिला दवाखान्यात न्यायचंय, फावड्यानं दोन दिवस लागतील. "दीदी, धीरे चलाऊँगा."
लगेच फोन लावला. बंद. कशी घेऊन निघाला असेल? दगड कुठं आहेत त्याला ठाऊक असतील, रस्ता त्याचा आहे, असं सारखं मनाला सांगतेय. साहेबांनी रात्रीच वाचलंय, उत्तर नाही. लॉजच्या ऑफिसात कुणी उचलत नाही.
आठ वाजता शेड उघडलं. दादाला मेसेज दाखवला. दोनदा वाचला. खुर्चीत बसला. कामाला आलेली एक नवीन गाडी दारात उभी होती, तिच्याकडं कुणी गेलं नाही.
साडेदहा. फोन बंद.
सव्वाअकरा. बंद.
दादा उठून माझ्या टेबलाशी आला. तोंड पांढरंफटक. "लागला का गं?"
त्याच्याकडं बघितलं नाही. परत लावला.