सांदण भरवलं आणि होकार गेला

प्यारी बिल्कीस, सलाम घे आणि आधी ऐक. परवा दारात पहिली आली ती एक अनोळखी बाई, हातात खजुराचा डबा. मागून तिची लेक, फरहत. अम्मीच म्हणाली, "युसराविषयी बोलायचं होतं." मला वाटलं, नातीला मागणी आली. मी दोघींना गोड सांदण भरवलं आणि म्हटलं, "आमचा होकारच धरा."

मग कळलं, फरहत रग्बीची कोच. पंधरा जणींच्या रग्बीत आपली युसरा भारताकडून खेळली, तुला ठाऊक आहे. तेरा जणींची रग्बी वेगळी, तिच्याही भारताच्या टीमला ती हवी होती.

युसराचा खांदा दुखावल्यापासून तिचा बाप, आपला अशरफ, खेळ नकोच म्हणत होता. शुऐबाच्या कामावरची ड्यूटी करून घरी आला, सगळं ऐकलं. भरवलेलं सांदण परत घ्यायची आपल्यात रीत नाही. "अम्मी, मला विचारायचं तरी," म्हणाला आणि हसला.

युसराने मला उचलून फिरवलं, म्हणजे खांदा बरा झालाच असणार. अल्लाचे किती शुक्र मानू? तूही दुआ कर, खांद्यासाठीसुद्धा. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या आठवणीत असलेली,
तुझी आपा

मायलेकी शुक्रवारी येतो म्हणाल्यात, युसराला न्यायला.