आवाज गेलेल्यांच्या दाराचं कुलूप

आदरणीय भाऊजी,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण वाकलं की गळ्यातली नळी टोचते, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. इकडे सगळे ठीक. तुम्ही कसे आहात हे विचारणं मूर्खपणाचं, कारण ताईने कालच चिठ्ठीतून सगळं कळवलं आहे: गाठ घशातच निघाली, गुरुवारी सकाळी ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज नाही. चाळीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारलेल्या माणसाचं आता काय होत असेल, या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरत नाही (तसाही नीट उतरत नाही, पण ते वेगळं). फोन केला असता, पण माझा आवाज दोन वर्षांपूर्वीच गेला. ताईच्या फोनवर लिहिलं तर ती आधी वाचेल. म्हणून हा कागद उद्याच्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. त्याने वाटेत विसरू नये म्हणून पाकिटावर 'औषध' असं लिहिलं आहे, तरी आत गोळ्या शोधू नयेत.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण आधी मागचं सांगावं लागेल. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हाच मी संगणकावरच्या एका मंडळात शिरलो. आवाज गेलेल्यांचं मंडळ, पंचवीस-तीस माणसं. एका निवृत्त शिक्षिकेने ते उभं केलं, त्यांचाही घसा गेलेला, आम्ही त्यांना बाई म्हणतो. तिथे सगळं लिहून बोलायचं. कोणाला पगार नाही, कोणी साहेब नाही. नळी कशी धुवायची, शिंक आली तर रुमाल कुठे धरायचा (नाकाला नव्हे, गळ्याला पाडलेल्या भोकाला; हे पहिल्या आठवड्यात कोणी सांगत नाही आणि समोरच्याचा शर्ट जातो) अशा साध्या गोष्टी. पहिल्या महिन्यात मी जगलो तो त्या मंडळामुळे, हे मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही.

मी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली म्हणून बाईंनी मला दाराशी बसवलं. नवीन नाव आलं की ते खरं माणूस आहे का पाहायचं, मग आत घ्यायचं. सातवी नापास माणसाला एवढा मान मिळाला की तो बिघडतोच. त्यातून दाराशी येणारे कोण, तर कर्ज देणारे, केस उगवून देणारे, लग्न जमवणारे, आणि दिवसाला चाळीस यंत्रं, जी माणसाच्या नावाने अर्ज भरतात. मीही सुरुवातीला भोळा. 'आपला मित्र' नावाचा एक जण आला, गोड लिहिलं होतं, मी घेतला आत. त्याने सात दिवसांत आवाज परत आणणारं तेल विकायला काढलं. आमच्यात एक ट्रक ड्रायव्हर होता, हसरा, रोज सकाळी सगळ्यांना 'हॉर्न' एवढाच शब्द लिहून पाठवायचा. त्याने ते तेल मागवलं आणि गळ्याच्या भोकातून आत सोडलं. ते फुप्फुसात उतरलं. नऊ दिवस दवाखान्यात होता, तिथूनच गेला. दार मी उघडलं होतं, भाऊजी. त्यानंतर मला कोणाचाही विश्वास वाटेना, शेजारच्या पोस्टमनचासुद्धा, आणि तो तर माझा व्याही आहे.

मग मी कुलपं बदलत सुटलो. आधी वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावली. ती यंत्रांनी फटाफट वाचली, आमच्या सभासदांना मात्र वाचता येईनात, आणि तिघे जण आपल्याच मंडळाबाहेर आठवडाभर उभे राहिले. मग बेरीज घातली. यंत्रांची बरोबर आली, बाईंची चुकली (त्या इतिहास शिकवायच्या). शेवटी मला अशी किल्ली सुचली की मी स्वतःवरच खूश झालो. प्रश्न ठेवला: 'आंघोळीला जाताना आधी काय झाकता?' ज्याच्या गळ्याला भोक आहे त्यालाच याचं उत्तर ठाऊक. यंत्रांनी लिहिलं: शरीर, साबण, खिडकी. सगळी बाहेर. तीन आठवडे एकही खोटं माणूस आत आलं नाही. खरंही आलं नाही. बाई म्हणाल्या (म्हणजे लिहिल्या), "तीन आठवड्यांत जगात कोणाचाच आवाज गेला नाही का हो?" मी लिहिलं, "चांगलंच आहे की." त्यांनी पुढे काही लिहिलं नाही. आमच्यात कोणी रागावून गप्प आहे की मेलंय हे कळायला जरा वेळ लागतो.

याच दिवसांत एक नग दाराशी आला. प्रश्नाचं उत्तर चूक, आणि ओळख म्हणून लिहिलेलं: 'आवाज विकणे आहे. चाळीस वर्षं वापरलेला, खणखणीत, गुरुवारपर्यंतच माल हजर. बोला लवकर, पुन्हा संधी नाही.' आता तुम्हीच सांगा, यात माणूस कुठे दिसतो? गुरुवारपर्यंतच मिळणारा माल मी रोज चाळीस बघतो. हाकलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेच, वर 'एक वार'. हाकलला, आणि ठेवणीतलं उत्तर पाठवलं: 'तुमच्यासारख्यांना येथे जागा नाही.' तिसऱ्या दिवशी नुसतं 'आहे का कोणी?' एवढंच आलं. पत्ता तोच दिसला, म्हणून न वाचल्यासारखं करून कायमचा बंद केला. त्या संध्याकाळी मी चहा जरा जास्तच चवीने प्यालो.

असो. गुरुवारी निर्धास्त जावं. सगळं नीट होईल. पत्र लांबलं, क्षमा असावी.

आपला मेहुणा

ता. क. ताईची कालची चिठ्ठी समोरच आहे. त्यात ओळ आहे: 'हे संगणकावर कुठल्या मंडळात शिरायला बघत होते, तीनदा हाकललं. चार दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडलेत. तिथे दाराशी कोण मेला बसवलाय देव जाणे.' तो मेला मी. दोन वर्षांपूर्वी मला त्या दाराशी लगेच आत घेतलं होतं, आणि उत्तर तर मलाही आलं नसतं. ज्याचं अजून व्हायचं आहे त्याला भोक कुठून ठाऊक असणार, हे मला सुचलंच नाही. ताईला कृपया सांगू नये.

ता. क. २. माझं शेवटचं बोललेलं वाक्य 'माझी चप्पल खाटेखाली आहे' हे होतं. तुम्ही बुधवारी आधी ताईला नावाने हाक मारून घ्यावी. चपलेचं लिहूनही सांगता येतं.

ता. क. ३. खरं काम हे. प्रश्न मी काढून टाकला आहे, तुमचा पत्ताही मोकळा केला आहे. दाराशी आता तेलवाले, केसवाले, सगळे जमलेत; प्रत्येकाला हाताने लिहून विचारतो आहे, तुम्ही कोण. कोणी उत्तर देत नाही, पण मी उठत नाही. चौथ्यांदा या. लिहिलं होतं तसंच लिहा, मला आता कळतं. एक वार म्हणा, दोन वार म्हणा, तिसरा मात्र म्हणू नका. मी दाराशीच बसलो आहे.