तेवीस उतारू

३ मार्च
आलो एकदाच्या! नवं गाव, नवी नोकरी, दोन खोल्यांना तीन खिडक्या. त्यातली मोठी खिडकी चिमणीने बळकावलीसुद्धा. वय वर्षं सात, पण हुकूम सासूचे. घरात आम्ही दोघीच मायलेकी, त्यामुळे मला मुकाट ऐकावं लागतं.
काम मनासारखं आहे. संग्रहालयातल्या जुन्या फोटोंमागची हकिकत वाचायची, फोटोतली माणसं मोजायची आणि आकडा पाठीमागे पेन्सिलीने लिहायचा. पेन्सिलीनेच, असं म्हाताऱ्या संग्रहपालांनी तीनदा बजावलं. एकेकाचा सोस, दुसरं काय.

५ मार्च
आज होडीचा फोटो हाती आला. नदीवर नवी होडी सुरू झाली त्या दिवशीचा. फोटो काढणारा काठावर होता म्हणून वाचला. त्याने सामान आवरेपर्यंत होडी सगळ्यांसकट बुडाली. फोटोत सगळे हसताहेत.
मागे २३ लिहिलं होतं, मी मोजले तर २४. मोजणीत माझा हात कोण धरणार? पेन्सिल सापडेना, म्हणून शाईच्या पेनानेच २३ खोडून ठसठशीत २४ केले.

६ मार्च
चूक माझीच. भिंगातून पाहिलं तर चोविसावं डोकं म्हणजे टोकाला ठेवलेलं गाठोडं! खजील होऊन संग्रहपालांना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते खुर्चीत बसले आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी आणि मुलगी, म्हटलं.
मग हळूच म्हणाले, "बाई, पेन्सिलीचं पुसता येतं. शाईने जितकी माणसं लिहाल, तितकी तो फोटो भरून काढतो."
घरी येईपर्यंत हसत होते मी.

९ मार्च
फोटोतल्या गाठोड्याला दोन वेण्या आल्या आहेत.
चिमणीचे केस सकाळपासून ओले. न्हाऊ घातलेलं नाही. पुसले की पुन्हा ओले. चिखलाचा वास येतो. मला भीती वाटते आहे.

१० मार्च
शाळेतून वर्गाचा फोटो आला. पहिल्या रांगेत, चिमणीच्या जागी, बाकावर गाठोडं.
धावत शाळेत गेले. बाईंनी विचारलं, कोणती मुलगी?

११ मार्च
चिमणीला घेऊनच कामावर गेले. ब्लेडने २४ खरवडायला घेतला. एक रेघ ओढली, तोच शेजारी बसलेली चिमणी कळवळली. गालावर लांब ओरखडा. रक्त नाही, पाणी —
ब्लेड फेकून दिलं.

१२ मार्च
मोठ्या खिडकीत नाही. पलंगावर नाही. गादी भिजलेली —

१२ मार्च, दुपार
फोटोत आहे. गालावर ओरखडा. बाकी सगळे हसताहेत, ती नाही. तिला पाण्याची फार भीती वाटते.
संग्रहपाल नको नको म्हणताहेत. दार लावून घेतलंय. पेन शाईचंच आहे. २४ खोडून २५ लिहिलं.
केस ओले झाले. पायाखाली हलतंय. तिच्या शेजारी जागा आहे, तिचा हात धरते —